हाताबाहेर, कुंपणाबाहेर, डोक्यावरून

मराठी कथा-कादंबऱ्यांचे इंग्रजी अनुवाद वाचताना एक शब्दप्रयोग वारंवार आडवा येतो : 'आउट ऑफ हँड'. दुष्काळ असो, भाऊबंदकी असो की सावकाराचे कर्ज, मर्यादेपलीकडे गेलेली प्रत्येक गोष्ट या एकाच दावणीला बांधली जाते. मराठीत 'हाताबाहेर जाणे' आहेच, तेव्हा शब्दाला शब्द जुळला, अशी समजूत त्यामागे असावी.

ही समजूत फसवी आहे. मराठीत पोर हाताबाहेर जाते, तसा रोगीही हाताबाहेर जातो. पोराच्या बाबतीत इंग्रजी प्रयोग चपखल बसतो; रोग्याच्या बाबतीत मात्र तो दंगा करू लागल्याचा भास होईल. उलट, एखादी सूचना 'आउट ऑफ हँड' फेटाळली जाते तेव्हा इंग्रजीत काहीच सुटलेले नसते. विचार न करता, तडकाफडकी, एवढाच तेथे अर्थ. आणि तोच अधिक जुना.

'बियाँड द पेल'ची गत याहून वाईट. 'पेल' म्हणजे येथे फिकट नव्हे, कुंपणाचा खुंट. डब्लिनभोवतीच्या इंग्रजी अमलाखालील मुलखालाही हेच नाव होते. या प्रयोगाने वर्तनाचा निषेध होतो. महागाई किंवा पूर त्यात बसत नाही. किपलिंगच्या 1888 मधील 'प्लेन टेल्स फ्रॉम द हिल्स' या संग्रहातील एका कथेचे हेच शीर्षक आहे. कुंपण ओलांडून जातो तो इंग्रज. हात तोडले जातात ते हिंदू विधवेचे.

प्रश्न केवळ कोशातील अर्थाचा असता तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. मर्यादा ओलांडली गेली हे कोण सांगतो आहे, हा खरा प्रश्न आहे. 'आउट ऑफ हँड' म्हणणाऱ्याच्या हाती कधीकाळी लगाम होता, असे त्यात गृहीत असते. ती बंदोबस्त करणाऱ्याची भाषा आहे. 'आता पाणी डोक्यावरून गेले' म्हणणारी कुळंबीण पाण्यात उभी असते. तिच्या हाती काही नव्हतेच. तिच्या तोंडी पहिला प्रयोग घालणारा अनुवादक नकळत तिला मामलेदाराच्या खुर्चीत बसवतो. व्याकरण निर्दोष राहते, आणि म्हणूनच संपादकाच्याही ते ध्यानात येत नाही.

अशा जागी 'वी कुड बेअर नो मोअर' हे साधे वाक्यही चालेल. त्यात चित्र जाते, हे मान्य. चित्र राखावयाचे तर 'पाणी' हा शब्द सोडता कामा नये. नुसते 'ओव्हर माय हेड' म्हटल्यास इंग्रजीत 'मला उमगले नाही' असा अर्थ होतो. व्याख्यान डोक्यावरून जाते ते मराठीतही तसेच. पण पाण्याची गोष्ट वेगळी. हिंदीतही पाणी डोक्याच्या वर जातेच. मग इंग्रजी अनुवादाच्या भारतीय वाचकाला ते परके वाटेल, ही भीती कशासाठी?