परमुलखातील विम्याचा हिशेब



गेल्या महिन्यात हळदीच्या पेठेतील माझे एक जुने स्नेही दुकानी आले आणि मोबाईलवरील एक तक्ता त्यांनी माझ्यापुढे धरला. त्यांचे चिरंजीव अमेरिकेत, टेक्सासमध्ये, नोकरीस रुजू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. कंपनीने आरोग्यविम्याच्या तीन योजना समोर ठेवल्या होत्या आणि महिनाअखेरीपर्यंत एक निवडावयाची होती. मुलाने वडिलांना विचारले. वडिलांनी ज्या योजनेचा हप्ता सर्वांत कमी ती घे, असे तत्काळ कळवून टाकले. मग मात्र त्यांना रात्री झोप लागेना. "तुम्ही एकदा नजर घाला," एवढेच ते म्हणाले.

हाच सल्ला मीही दिला असता. किंबहुना एकदा स्वतःलाच दिला आहे आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणी मोजली आहे. ती हकीकत पुढे येईलच.

अमेरिकेत सर्वांसाठी मिळून एकच सरकारी आरोग्यविमा नाही. पासष्टीच्या आतील बहुतेक माणसांचा विमा नोकरीच्या ठिकाणामार्फत असतो. त्यामुळे नव्याने गेलेल्या तरुणाला पहिला पगार हाती येण्याच्या सुमारासच हा निर्णय घ्यावा लागतो. त्या तक्त्यातील निम्मे शब्द त्याने तोवर ऐकलेलेही नसतात. हप्ता, म्हणजे प्रीमियम, आपणांस ठाऊक आहे. डिडक्टिबल म्हणजे वर्षभरातील उपचारखर्चापैकी जी पहिली रक्कम विमेदाराने स्वतःच भरावयाची ती. ती ओलांडल्यावरही कंपनी सगळा भार उचलत नाही. उरलेल्या खर्चात विमेदाराचा शेकडा वीस, शेकडा तीस असा वाटा राहतो, त्याला कोइन्शुरन्स म्हणतात. आणि शेवटी एक मर्यादा असते, आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम. वर्षभरात खिशातून गेलेली रक्कम त्या मर्यादेस पोहोचली की योजनेत बसणारा पुढचा सर्व खर्च कंपनीचा. ही मर्यादा कितीही वाढवण्याची मुभा विमा कंपन्यांना नाही. २०२५ सालासाठी ती एका व्यक्तीस ९,२०० आणि कुटुंबास १८,४०० डॉलरपेक्षा अधिक ठेवता येत नव्हती.

आता कागदावर मांडून पाहू. आकडे समजुतीपुरते आहेत. पहिल्या योजनेचा हप्ता महिना ६० डॉलर, डिडक्टिबल ५,०००, वाटा शेकडा वीस, मर्यादा ८,०००. दुसरीचा हप्ता महिना १६०, डिडक्टिबल १,०००, वाटा तोच, मर्यादा ४,०००. वर्षभर मुलगा ठणठणीत राहिला तर पहिलीत ७२० डॉलर गेले आणि दुसरीत १,९२०. पहिली बाराशेंनी स्वस्त. परंतु मध्येच अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली आणि बिल ३०,००० आले, तर? पहिलीत पाच हजार डिडक्टिबल, उरलेल्या पंचवीस हजारांचा पाचवा हिस्सा आणखी पाच हजार. बेरीज दहा हजार, पण मर्यादेमुळे आठ हजारांवर थांबली. हप्ते धरून ८,७२०. दुसरीत याच रीतीने चार हजारांची मर्यादा लागली. हप्ते धरून ५,९२०.

यावरून महाग योजनाच घ्यावी असे मी म्हणत नाही. ज्याच्या गाठी आठ-दहा हजार डॉलर शिल्लक आहेत आणि ज्याची प्रकृती उत्तम आहे, त्याने पहिली घेतली तर तो निखळ व्यापारी हिशेब आहे. पण दोन आठवड्यांपूर्वी दोन बॅगा घेऊन उतरलेल्या मुलाजवळ एवढी रक्कम कोठून असणार? संकट आले तर ती इथून, रुपयांच्या दराने, पाठवावी लागेल. स्नेह्यांना मी एवढेच विचारले: त्या तक्त्यातील शेवटचा आकडा तो आज उभा करू शकेल काय?

हे आपणांस नवे नाही. सांगलीच्या पेठेने २०१९ च्या ऑगस्टमधील महापूर पाहिला आहे. पाणी ओसरल्यावर कोणाची पोती भिजली याइतकीच चर्चा कोणाच्या विमापत्रात काय लिहिले होते याची झाली. गोदामात चाळीस लाखांचा माल आणि हप्ता वाचावा म्हणून विमा वीस लाखांचा, अशा स्थितीत दहा लाखांचे नुकसान झाले तर दहा लाख हाती येत नाहीत. सरासरीच्या अटीने पाचच येतात. मी त्या वर्षी हा धडा स्वतःच्या हळदीवर शिकलो.

आणि शिकूनही विसरलो. २०२३ च्या जानेवारीत आम्ही उभयता कन्येकडे न्यू जर्सीला तीन महिन्यांसाठी गेलो. पर्यटक म्हणून गेलेल्या आईवडिलांना मुलांच्या कंपनीच्या विम्यात सहसा घेता येत नाही आणि इथला नेहमीचा मेडिक्लेम बहुधा भारताबाहेर चालत नाही. म्हणून निराळा प्रवासी विमा घ्यावा लागतो. कन्येने दोन योजना पाठवल्या होत्या. दोन्हींवर ठळक अक्षरांत ५०,००० डॉलर लिहिलेले. दुसरीचा हप्ता सुमारे अडीचपट. रक्कम एकच असताना अडीचपट कशासाठी द्यावयाचे, असे म्हणून मी पहिली घेतली आणि मनातून समाधानही पावलो.

फेब्रुवारीत दारापुढच्या बर्फावरून पाय घसरून सौभाग्यवतींचे मनगट मोडले. शस्त्रक्रिया करावी लागली. आमचे विमापत्र ठरावीक लाभाचे होते. त्यात प्रत्येक बाबीपुढे एक निश्चित रक्कम लिहिलेली असते: आपत्कालीन कक्षाचे इतके, शल्यविशारदाचे इतके, खाटेचे दर दिवशी इतके. बिल कितीही होवो, कंपनी तेवढेच देते. ते पन्नास हजार म्हणजे या सर्व खणांवरचे झाकण होते. खण मात्र उथळ होते. महाग वाटलेली दुसरी योजना सर्वसमावेशक होती. तीत डिडक्टिबलनंतर प्रत्यक्ष बिलाचा मोठा हिस्सा मिळाला असता. कंपनीने आमच्या बिलाचा पाचवा भागही दिला नाही.

"होईल सगळे व्यवस्थित, अण्णा," असे कन्या म्हणाली आणि आम्ही परत आलो. पुढल्या वर्षी दिवाळीस ती मंडळी इथे आली तेव्हा आठ वर्षांची नात बोलता बोलता म्हणून गेली, की मम्मी आजीच्या हाताचे पैसे दर महिन्याला भरते. अठरा महिने ती हप्ते फेडत होती. कन्येला विचारले तर म्हणाली, "तुम्हांला सांगितले असते तर तुम्ही परत कधी आला नसता."

असो. ज्यांना जावयाचे आहे त्यांच्यासाठी लिहितो. रक्तदाब, मधुमेह यांसारखा आधीपासूनचा आजार प्रवासी विम्यातून बहुधा वगळलेला असतो. काही सर्वसमावेशक योजनांत अशा आजाराचा अकस्मात उद्भवलेला झटका धरतात, पण तेथे वयाची अट आणि किती तासांत उपचार सुरू व्हावेत याची अट असते. ती दोन वाक्ये वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. आजार लपवणे तर सर्वांत महाग पडते.

आपत्कालीन कक्षात पैशांअभावी कोणास परत पाठवतील ही भीती बाळगू नये. १९८६ च्या कायद्याने तपासणी करणे आणि प्रकृती स्थिर करणे बहुतेक सर्व रुग्णालयांना बंधनकारक आहे. बिल मात्र मागाहून येतेच. ताप, पोटदुखी, किरकोळ जखम यांसाठी अर्जंट केअर नावाचे दवाखाने असतात, तेथे खर्च पुष्कळ कमी येतो. मोठे बिल आले तर बाबवार तपशील मागावा. ना-नफा तत्त्वावरील रुग्णालयांना आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवावेच लागते. त्यासाठी अर्ज करण्यात कमीपणा नाही. कन्येने तो केला नाही, कारण वडिलांचे नाव त्यात येईल असे तिला वाटले.

तारखांविषयी आपल्याकडे ढिलाई फार. नोकरीतला विमा वाटेल तेव्हा बदलता येत नाही. लग्न झाले किंवा मूल जन्मले, तर त्यांची नावे घालण्यास कायद्याने किमान ३० दिवसांची मुदत आहे. कंपनीने अधिक दिली तर उत्तम. आपल्याकडे लग्नानंतरचे देवदर्शन आणि जेवणावळी आटोपेपर्यंत महिना सहज निघून जातो. सूनबाई व्हिसामुळे मागाहून जाणार असतील, तर त्यांच्या आगमनाची तारीख धरतात की लग्नाची, हे मुलाने कंपनीस लेखी विचारून ठेवावे. नोकरी गेली आणि कंपनीत २० किंवा अधिक माणसे असतील, तर तोच विमा कोब्रा कायद्याखाली साधारणतः १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो. निर्णयास ६० दिवस मिळतात, पण मालकाचा हिस्साही आता आपणच भरावयाचा असतो. तो आकडा पाहून अनेकांचे डोळे पांढरे होतात.

स्नेह्यांच्या चिरंजीवांनी मधली योजना निवडली. वडिलांनी सांगितले म्हणून नव्हे. त्याने स्वतः बेरीज करून पाहिली आणि आपल्या बचतीत कोणती मर्यादा बसते ते ठरवले. परवा स्नेही पुन्हा आले. वहिनी मार्चमध्ये मुलाकडे जाणार आहेत. या वेळी त्यांच्या हातात दोन प्रवासी योजनांचे छापील कागद होते, आणि चष्मा त्यांनी घरूनच आणला होता.