सोडलं तर खरं, सांभाळतं कोण?

मैत्रिणींनो, २४ सप्टेंबर २०१४ चा तो फोटो आठवतो ना? मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचलं त्या दिवशीचा. काठपदराच्या साड्या, केसांत गजरे, आणि इस्रोमधल्या त्या बायका हसत हसत एकमेकींचं अभिनंदन करतायत. घरोघरी कौतुक झालं. पुढं त्या यानाचं काय झालं, हे मात्र फार थोड्याजणींना ठाऊक असेल.

ते यान सहा महिन्यांच्या कामासाठी पाठवलं होतं. टिकलं २०२२ पर्यंत, म्हणजे जवळपास आठ वर्षं! हे आपोआप झालं नाही. यानाला वीज मिळते सूर्यापासून. ते मंगळाच्या सावलीत गेलं की बॅटरीवर चालायचं, आणि बॅटरी पुरायची जेमतेम पावणेदोन तास. लांबलचक सावल्या पुढं येणार हे हिशोबानं आधीच कळलं होतं, म्हणून जानेवारी २०१७ मध्ये शिल्लक इंधनातलं बरंचसं खर्चून यानाची वाट बदलली. पाच वर्षं निभावली. एप्रिल २०२२ मध्ये मात्र सुमारे साडेसात तासांची सावली आली आणि संपर्क तुटला. या मोहिमेच्या संचालनाची उपसंचालक म्हणून जबाबदारी सांभाळणाऱ्यांत रितू करिधाल आणि नंदिनी हरिनाथ या दोघी होत्या. उरलेल्यात भागवायचं कसं, हे आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको!

दुसरं उदाहरण तर आपल्या शेजारचं, पुण्याचं. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून ‘ॲस्ट्रोसॅट’ उडाला. तारे, कृष्णविवरं, दूरच्या दीर्घिका पाहणारी आपली पहिली अवकाश वेधशाळा. जमिनीपासून साधारण ६५० किलोमीटरवर, दर पावणेदोन तासांच्या आत पृथ्वीभोवती एक चक्कर. आयुष्य धरलं होतं पाच वर्षांचं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला दहा वर्षं पूर्ण झाली.

मी कला शाखेची. पण याचं रोजचं काम समजून घेतलं आणि चकित झाले. कुठला तारा कधी पाहायचा, याचे अर्ज शास्त्रज्ञ करतात. समिती ते निवडते, मग वेळापत्रक ठरतं. दुर्बिणीचं तोंड चुकूनही सूर्याकडं वळता कामा नये. दक्षिण अटलांटिक महासागरावर किरणोत्सार जास्त असतो, तिथून जाताना नाजूक उपकरणं जपावी लागतात. बंगळुरूच्या टप्प्यात उपग्रह एका फेरीत थोडीच मिनिटं येतो, तेवढ्यात साठलेली माहिती उतरवून घ्यायची आणि पुढचे हुकूम द्यायचे. त्यातल्या क्ष-किरण टिपणाऱ्या एका उपकरणाची माहिती पुण्याच्या ‘आयुका’त तपासली जाते, आणखी दोन उपकरणांची मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. सणवार असो की सुट्टी, उपग्रहाला रविवार नसतो.

दुखणीही आली. एका उपकरणातला गॅस गळू लागला, दुसऱ्याचा एक भाग बंद पडला. म्हणून कुणी उपग्रह सोडून दिला नाही. जे चालतंय त्यावर काम सुरू ठेवलं. त्याचं फळ बघा. २०२० मध्ये आयुकाच्या कनक साहा यांच्या गटानं याच उपग्रहाच्या निरीक्षणांतून ९३० कोटी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेतून येणारा अतिनील प्रकाश शोधला. उड्डाणानंतर पाच वर्षांनी! टीव्हीवाले तर उड्डाण झाल्यावर लगेच घरी गेले होते.

आता तुम्ही म्हणाल, याचा आमच्या गावाशी काय संबंध? आहे. आपल्याकडं नारळ फोडायला गर्दी होते. पाण्याची योजना झाली, फोटो छापून आला. दोन वर्षांनी मोटार जळाली की डोक्यावर हंडा पुन्हा बाईच्याच. शाळेत संगणक आले, दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून कापडाखाली झाकून ठेवले. सौरदिवे लागले, बॅटरी संपली, पुन्हा अंधार. नवीन वस्तूला निधी मिळतो, सांभाळायला मिळत नाही. सांभाळणाऱ्याचं नावही कुणी घेत नाही. ‘रांधा, वाढा, उष्टी काढा’ला किंमत नसते, तसंच हे.

उलट उदाहरणही आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. हिवरे बाजारची कीर्ती नुसत्या बंधाऱ्यांची नाही. बंधारे तर पुष्कळ गावांत झाले. हिवरे बाजारात पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद गावापुढं मांडतात, आणि शिल्लक बघून कोणती पिकं घ्यायची ते ठरवतात. दरवर्षी! मंगळयानाच्या इंधनाचा हिशोब आणि गावच्या पाण्याचा हिशोब, जातकुळी एकच.

म्हणून बचत गटाच्या बायांना माझं सांगणं आहे, पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: ही योजना पाच वर्षं चालवायला दरसाल किती पैसे ठेवलेत, आणि बिघडली तर कुणाकडं जायचं? नाव आणि आकडा, दोन्ही इतिवृत्तात लिहून घ्या. उत्तर मिळालं नाही तर नारळ फोडायला घाई करू नका.

आणि लेकीला विज्ञानाची आवड असेल तर तिला हेही सांगा, की अवकाशात जायला अग्निबाणातच बसावं लागतं असं नाही. पुण्यातल्या एखाद्या टेबलाशी बसून, रोजच्या रोज, न कंटाळता केलेलं कामसुद्धा कोट्यवधी प्रकाशवर्षं लांब पोचतं.