व्यापार होता, तरी लढाई झाली

वाशीच्या मसाला मार्केटात माझा खारकेचा गाळा आहे. 2019 पर्यंत आमची मुख्य आवक सिंधमधल्या खैरपूरकडची. तिकडे अर्धवट पिकलेला खजूर मोठाल्या कढयांत उकळतात आणि चटयांवर उन्हात वाळवतात. पोत्यातली मूठभर खारीक हातात खुळखुळवली की ती कडक वाजली पाहिजे. ओल राहिली असेल तर भाव तिथेच पडतो.

सीमा खुल्या करा म्हणजे लढाया थांबतील, असं आमच्या धंद्यातले बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. 1948-49 मध्ये पाकिस्तानची निम्म्याहून जास्त निर्यात भारतात येत होती. ताग पूर्व बंगालच्या शेतांत, गिरण्या हुगळीकाठी; एकाचं दुसऱ्यावाचून पान हलत नव्हतं. तरी 1948 सरेपर्यंत दोन्ही फौजा काश्मिरात लढत होत्या. सप्टेंबर 1949 मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्तानने केलं नाही, आणि दराच्या भांडणात व्यापारच अडकला. मग आपण पश्चिम बंगालात तागाचं क्षेत्र वाढवलं, त्यांनी नारायणगंजला गिरणी उभारली. दोघेही एकमेकांशिवाय जगायला शिकले. चीनशी तर आपला व्यापार प्रचंड, तरीही गलवानमध्ये आपले वीस जवान गेले.

आमच्या व्यापाराचं वजन किती, ते 16 फेब्रुवारी 2019 ला कळलं. पुलवामातल्या हल्ल्यानंतर दोन दिवसांनी, शनिवारी रात्री 8 वाजून 46 मिनिटांनी अधिसूचना निघाली: पाकिस्तानी मालावर 200 टक्के आयातशुल्क. ज्यांनी त्याच दिवशी आधीच अटारीच्या सीमानाक्यावर कागद दाखल केले होते, त्यांच्याकडेही ते मागितलं गेलं. सप्टेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयातदारांच्या बाजूने निकाल दिला. चाळीस जवान गेलेल्या त्या आठवड्यात खारकेची बाजू कोण मांडणार होतं? मीही मांडली नाही, आणि मांडायची ती वेळही नव्हती. वर्षाचा सगळा व्यापार जेमतेम अडीच अब्ज डॉलरचा. तो बंद झाल्याने दिल्लीत किंवा इस्लामाबादेत कोणाची खुर्ची हलणार नव्हती.

1914 च्या आधी ब्रिटन आणि जर्मनीतही देवघेव जोरात होती, तरी महायुद्ध टळलं नाही. 1951 मध्ये फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीसह सहा देशांनी जे केलं ते मात्र निराळं होतं. कोळसा आणि पोलाद, म्हणजे तोफांचाच कच्चा माल, त्यांनी एका सामाईक मंडळाच्या हाती दिला आणि तंटे सोडवायला न्यायालय नेमलं. सरकारांनी स्वतःचे हात बांधून घेतले. माझ्या मते शांतता टिकली ती यामुळे. नुसत्या जकाती उतरवून ती टिकली नसती.

मे 2025 पासून पाकिस्तानी माल तिसऱ्या देशामार्गेही आणायला बंदी आहे. ती कधीतरी उठावी, असं मला मनापासून वाटतं. खैरपूरच्या बागायतदारासाठी आणि अटारीच्या हमालासाठी. पण तेव्हा दोन्ही सरकारांनी करारात लिहून द्यावं: व्यापार बंद करायचा तर आगाऊ मुदत द्यायची, वाटेत असलेला माल जुन्याच दराने सोडायचा, आणि वाद दोघांनी मिळून नेमलेल्या लवादापुढे न्यायचा.