दुर्बीण घ्यावी ती रात्री

काही वर्षांपूर्वी आम्ही अलिबागेत एक जुनी दुर्बीण विकत घेतली. मुलगी आठवीत होती. तिला शनीची कडी पाहायची होती आणि नवी दुर्बीण आमच्या आवाक्याबाहेरची. दिवाळीच्या बोनसमधून पैसे बाजूला काढले आणि भर दुपारी व्यवहार उरकला. नळी चकचकीत, पेटीवर ‘५२५ पट’ असे ठसठशीत छापलेले. रात्री डोळा लावला तर चंद्र धुक्यात बुडाल्यासारखा! भिंगाला आतून बुरशी लागली होती. मुलगी काहीच बोलली नाही. तेच आम्हांला जास्त लागले.

पुढे आकाशदर्शनाला जाऊ लागलो. तिथली हौशी मंडळी जुन्या दुर्बिणी एकमेकांत देतात-घेतात. त्यांच्याकडून शिकलो ते वाचकांना सांगतो.

पहिली गोष्ट, पटींना भुलू नका. मुख्य भिंगाचा किंवा आरशाचा व्यास विचारा. व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट पटींपर्यंतच चित्र नीट राहते. आमची दुर्बीण ६० मिलिमीटरची, म्हणजे १२० पट ही तिची शिकस्त. शनीची कडी दिसायला तर ४०-५० पट पुरतात.

दुसरी, बॅटरीचा झोत नळीत टाका. थोडी धूळ चालते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा म्हणजे बुरशी; ती काचेत मुरली की भिंग गेले. आरशाची चकाकी गेली असेल तर मुलामा पुन्हा चढवता येतो, पण तो खर्च किमतीतून वजा करावा.

तिसरी, नळीला टिचकी मारा. चित्र दोन-तीन सेकंदांत स्थिर झाले नाही, तर तिवई कच्ची समजावी.

चौथी आणि सर्वांत मोठी, अंधार पडेपर्यंत थांबा आणि स्वतः तारा पाहा. त्याआधी पैसे देऊ नका. आणि जुन्या पेटीत डोळ्याकडच्या भिंगावर बसवायची सूर्यासाठीची काळी काच निघाली, तर ती फेकून द्या. उन्हाने ती तडकली तर डोळा जाईल.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक पथ्य आहे. मुंबईच्या विजेच्या ट्रामगाड्यांचा उपद्रव टाळण्यासाठी कुलाब्याचे चुंबकीय वेधकाम १९०४ साली अलिबागेला आणले गेले. शहराच्या दिव्यांपासून दूर म्हणून आपल्याला आकाशही चांगले मिळते. पण इथली खारी, दमट हवा काचेची वैरीण. दव सुकल्यावरच झाकण लावावे. पावसाळ्यात दुर्बीण पेटीत महिनोन्‌महिने कोंडून ठेवू नये. ओल शोषणाऱ्या पुड्या आत ठेवाव्यात व बदलत राहाव्यात.

पुढे आम्हीच ती दुर्बीण विकायला काढली. रेवदंड्याहून एक गृहस्थ मुलाला घेऊन आले, तेही भर दुपारी, पैसे खिशात घेऊन. नळी अजून चकचकीतच होती. क्षणभर मोह झाला, खोटे कशाला सांगा? पण तो मुलगा नळीवरून हात फिरवत होता. आम्ही म्हणालो, “दादा, रात्रीपर्यंत थांबा.” रात्री बुरशी दाखवली. त्यांनी नुसती तिवई घेतली, तीही थोडक्या पैशांत.

ते गेल्यावर मुलगी म्हणाली, “बरं झालं सांगितलंत.”

विकणाऱ्याने दोष सांगावा आणि घेणाऱ्याने रात्री पाहावे. एवढे पाळले, तर कुणा मुलाचे पहिले आकाश धुक्यात जाणार नाही.