तोफ चालली पाहिजे

झाशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे राणी लक्ष्मीबाई, तिचा किल्ला आणि किल्ल्यावरच्या तोफा उभ्या राहतात. त्या काळी प्रत्येक बार उडाल्यावर गोलंदाज नळीतून ओला बोळा फिरवीत असे. आत एखादी ठिणगी राहिली तर पुढची दारू भरतानाच पेट घेई आणि पहिला बळी गोलंदाजाचाच जाई. तोफेची निगा हे तेव्हाही चाकराचे काम नव्हते. जो तोफ डागी, त्याचेच ते काम होते.

याच झाशी जिल्ह्यात टहरौली हे तहसिलीचे गाव आहे. बुंदेलखंडाचा हा मुलूख कोरडा आणि उन्हाळ्यात धुळीने भरलेला. अशा गावात शेतावरचे पाण्याचे इंजिन किंवा ट्रॅक्टर बंद पडले की मिस्त्रीला निरोप जातो. तोवर त्याच्या तेलाकडे किंवा जाळीकडे कोणी फारसे बघत नाही. टहरौलीच कशाला, आपल्या घरातल्या मिक्सरपासून स्कूटरपर्यंत आपलीही रीत हीच! पण अशा घरातला मुलगा सैन्यात जातो तेव्हा त्याला ही सवय मोडावी लागते. कारण रणांगणावर मिस्त्रीला निरोप धाडायला वेळ नसतो.

टहरौलीच्याच जिल्ह्यात बबिना येथे सैन्याची मोठी छावणी आणि गोळीबाराचे मैदान आहे. तेथे टी-९० जातीचे रणगाडे सराव करतात. सुमारे ४६ टन वजनाचे हे धूड चालवतात अवघे तिघे: कमांडर, तोफची आणि चालक. दिवसभर धुळीत फिरून आल्यावर त्यांना लगेच पाठ टेकता येत नाही. इंजिन हवा ओढते, तिच्याबरोबर धूळ आत गेली तर यंत्राचे भाग झिजतात, म्हणून एअर फिल्टर साफ करायचे. तेल आणि पाणी तपासायचे. साखळीपट्टा सैल तर झाला नाही ना, हे बघायचे. मग लांब दांड्याचा ब्रश घेऊन तोफेच्या १२५ मिलिमीटरच्या नळीतली काजळी काढायची. काम कंटाळवाणे असते आणि ते चोख झाले म्हणून कोणी पदक देत नाही.

मोठ्या दुरुस्तीसाठी सैन्याचे ‘ईएमई’ हे वेगळे दल १९४३ सालापासून आहे. पुण्याजवळच्या खडकीसारख्या ठिकाणी त्याच्या मोठ्या कार्यशाळाही आहेत. पण कार्यशाळेतला कारागीर रोज रणगाड्यात बसत नाही. रोजच्या आवाजात आज जरा फरक पडला आहे, कुठे तेलाचा नवा डाग दिसतो आहे, हे चालकालाच आधी कळते. त्याने ते पाहून न पाहिल्यासारखे केले आणि वहीत ‘ठीक’ असे लिहिले, तर पुढचा कारागीर किती का हुशार असेना, त्याचा उपयोग नाही. फसगत होते ती त्याच रणगाड्यातल्या सोबत्यांची.

शस्त्र चालवणाऱ्याच्या जिवाला ते किती जवळ असते, हे बबिन्याने ६ ऑक्टोबर २०२२ रोजी पाहिले. सरावात एका टी-९० ची नळी फुटली आणि आतल्या तिघांपैकी दोघे मृत्युमुखी पडले. नळी अनेक कारणांनी फुटू शकते: धातूतला दोष, दारूगोळ्यातला दोष, नळीतला अडथळा. यांतले सगळेच सैनिकाच्या हातात नसते. म्हणूनच जे त्याच्या हातात आहे, ते सुटून चालत नाही.

याची दुसरी बाजू पाहण्यासाठी १६ डिसेंबर १९७१ ची बसंतरची लढाई आठवावी. पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पुण्यात जन्मलेले, वय अवघे २१. सोबतच्या एका रणगाड्याला गोळा लागला, दुसऱ्याच्या तोफेत बिघाड झाला. खेत्रपालांच्या ‘फामागुस्टा’ रणगाड्यालाही आग लागली. रणगाडा सोडण्याचा हुकूम आला, तेव्हा त्यांनी बिनतारी यंत्रावरून कळवले की, माझी तोफ अजून चालते आहे, मी मागे येणार नाही. ते लढता लढता धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांचे शौर्य सर्वांना ठाऊक आहे. पण ऐन वेळी तोफ चालली, त्यामागे त्याआधीच्या कितीतरी संध्याकाळी काजळीने काळे झालेले हात होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

तरीही सगळा भार जवानावर टाकून वरिष्ठांना मोकळे होता येत नाही. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने सैनिकांना एम-१६ ही नवी रायफल दिली, तेव्हा तिला फारशी साफसफाई लागत नाही असा समज पसरला होता आणि साफ करण्याचे साहित्यही पुरेसे मिळाले नाही. शिवाय काडतुसातली दारू बदलली होती. दमट हवेत रायफली अडू लागल्या आणि सैनिक हकनाक मेले. १९६७ साली अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी करून लष्करी अधिकाऱ्यांवर कडक ठपका ठेवला. पुढे साहित्य आले, रायफल सुधारली आणि सैनिकांना सफाई शिकवण्यासाठी चक्क चित्रकथेची पुस्तिका काढावी लागली.

जवानाने निगा राखावी, ही अपेक्षा रास्तच आहे. पण त्यासाठी साहित्य, सुटे भाग आणि पुरेसा वेळ त्याला मिळाला पाहिजे. शिवाय ‘यात दोष आहे’ असे त्याने सांगितले तर त्याला कामचुकार न म्हणता त्याचे ऐकून घेणारा अधिकारी हवा.

रजेवर घरी आलेला फौजी सकाळी उठून शेतावरच्या इंजिनाचे तेल बघू लागला, तर घरच्यांना त्याचे हसू येईल. ‘चांगले चालले आहे की, कशाला उघडतोस?’ असेही कोणी म्हणेल. चांगले चालले आहे तेव्हाच उघडून बघायचे असते, एवढेच तर तो शिकून आलेला असतो!