मोटर न्यूरॉन आजारात वाचा जाते, पण नजर टिकते: मेंदूच्या उत्क्रांतीचा अभ्यास काय सांगतो?

ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातून एक बातमी आली. एएलएस (मोटर न्यूरॉन आजाराचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार) झालेल्या 45 वर्षांच्या रुग्णाच्या मेंदूत 256 इलेक्ट्रोड बसवले गेले. तो जे बोलू पाहत होता, ते संगणकाने सुमारे 97 टक्के अचूकतेने शब्दांत उतरवले. तेव्हापासून अनेक कुटुंबे विचारतात, "हे आपल्याकडे कधी येणार?" हा प्रयोग इंग्रजी भाषेतला आहे आणि अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. त्याची वाट पाहण्यात वेळ घालवू नका. याच संशोधनामागची मूळ समज मात्र शहादा किंवा धडगावच्या घरातही आज उपयोगी पडते.

बोलण्याच्या दोन वाटा

माकडे ओरडतात, पण बोलत नाहीत. ओरडणे, हसणे, रडणे यांची वाट मेंदूच्या जुन्या, भावनांशी जोडलेल्या भागातून जाते. माणसात याखेरीज एक नवी वाट तयार झाली. मेंदूच्या बाह्य थरातून स्वरयंत्र आणि जीभ हलवणाऱ्या चेतापेशींपर्यंत ती थेट पोहोचते. म्हणून आपण ठरवून 'ट', 'ठ', 'ळ' उच्चारू शकतो.

कॅनडातील न्यूरॉलॉजिस्ट अँड्र्यू आयझेन आणि सहकाऱ्यांचे मत असे की, एएलएस मुख्यतः या नव्या, थेट जोडण्यांवर घाला घालतो. त्यामुळे बोलणे आणि बोटांची बारीक कामे बिघडतात. डोळे फिरवणाऱ्या पेशींना अशी थेट जोडणी नसते आणि त्या सहसा शेवटपर्यंत टिकतात. हा सिद्धांत पूर्ण सिद्ध झालेला नाही, पण दवाखान्यात दिसणाऱ्या चित्राशी तो बराच जुळतो.

घरच्यांसाठी याचा अर्थ

- अवेळी हसू-रडू येणे हा वेडेपणा नाही. जुन्या वाटेवरचा वरचा ताबा सुटल्याने असे होते. रागावू नका, डॉक्टरांना सांगा. त्यावर औषध आहे.
- जिभेचे जोरकस व्यायाम करू नका. पेशीच क्षीण होत असल्याने व्यायामाने ताकद परत येत नाही, थकवा वाढतो. छोटी वाक्ये, मध्ये थांबणे, समोरासमोर बसणे आणि टीव्ही बंद ठेवणे यांचा जास्त फायदा होतो.
- नजरेला कामाला लावा. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत मुळाक्षरे आणि मात्रा लिहा. घरच्यांनी ओळीवर बोट ठेवायचे, रुग्णाने नजर वर करून 'हो' म्हणायचे. लिहिता-वाचता येत नसेल तर पाणी, दुखणे, कूस बदलणे, शौच अशी चित्रे लावा.

आवाज आजच साठवा

नंदुरबारमध्ये हा मुद्दा सर्वात महत्त्वाचा आहे. मोबाइलमध्ये मराठी मजकूर वाचून दाखवणारा आवाज मिळतो. भिली, पावरी, मावची किंवा अहिराणीत तशी सोय सहज मिळत नाही. संगणक देऊ शकत नाही ते रुग्णाचा स्वतःचा आवाज देऊ शकतो. बोलणे स्पष्ट असतानाच रोजची वाक्ये, नातवंडांना मारायच्या हाका, नेहमीचे विनोद घरच्या बोलीत मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि प्रत्येक फाइलला नाव द्या. बोलण्याचा वेग आधी मंदावतो, अस्पष्टता नंतर झपाट्याने येते. वेग कमी झालाय असे जाणवताच हे काम सुरू करा. महिनाभराचा उशीरही महाग पडू शकतो.

मदत कुठे मागावी?

नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात वाचा-उपचारतज्ज्ञांची चौकशी करा. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. प्रवास झेपत नसेल तर पहिल्या भेटीनंतर व्हिडिओ कॉलवर पाठपुरावा शक्य आहे का, ते विचारा. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी यूडीआयडी नोंदणीही याच वेळी सुरू करा.

जेवताना ठसका लागणे, वजन घटणे, आडवे झाल्यावर धाप लागणे यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.

आणि एक लक्षात ठेवा: वाचा गेली म्हणजे समज गेली असे नाही. काही रुग्णांच्या विचारात किंवा वागण्यात बदल होतो, पण बहुतेकांना सगळे कळत असते. त्यांच्याविषयीचे निर्णय त्यांना विचारूनच घ्या.