सलामीची बंदूक

ऑगस्ट 2019. बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावर सुपौल जिल्ह्यात शासकीय इतमामात अंत्यसंस्कार होत होते. हुकूम सुटला, चाप ओढले गेले. पण 22 बंदुकांपैकी एकही वाजली नाही. देशभर हसे झाले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. न उडालेले काडतूस क्षणभर उशिरानेही उडू शकते. अशा वेळी नळी आकाशाकडेच रोखून थांबायचे, मग बोल्ट मागे ओढून काडतूस बाहेर काढायचे. गोंधळून नळीत डोकावायचे नाही.

थ्री-नॉट-थ्री या जुन्या रायफली उत्तर प्रदेश पोलिसांनी 2020च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनानंतर निवृत्त केल्या. जुनी हत्यारे जिथे सलामीपुरती उरली आहेत, तिथे निगा दुप्पट हवी. सलामीच्या काडतुसात गोळी नसते, म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. नळीच्या तोंडातून सुटणारा तप्त वायू जवळच्या माणसाला जायबंदी करू शकतो. त्यामुळे गोळीची आणि बिनगोळीची काडतुसे एका पेटीत नकोत, आणि आदल्या दिवशी नळी पुसून चाचणी व्हायलाच हवी. अखेरची मानवंदना पुन्हा देता येत नाही.